कायोटीसाठी काडतूस कुठलं?

(दहावी २००० च्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. वीस मिनिटांच्या वर बोलायचं नाही आणि सॉफ्टवेअरवर बोलायचं नाही. दुसरी अट मी मोडणार आहे, पण अगदी थोडी.

विषय तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यावरून चार दिवस रणकंदन झालं होतं. नेब्रास्कात राहणाऱ्या आपल्या एका वर्गमित्राने एका रात्री विचारलं, "तीनशे मीटरवरून कायोटी मारायला काडतूस कुठलं घ्यावं?" आणि खाली माझं नाव टाकलं. सकाळी मी चहा घेत फोन उघडला तर दीडशे मेसेज. कुणी अहिंसेवर निबंध लिहिला होता, कुणी फटाके वाजवायला सांगत होतं, 'ब' तुकडीच्या शेवटच्या बाकावरून "बोफोर्स" असं एका शब्दाचं उत्तर आलं होतं. चारकोपला राहणाऱ्या आपल्या एका मैत्रिणीने तंबी दिली होती की आमच्या मागच्या तिवरांत कोल्हे आहेत, त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघायचं नाही.

ग्रुपवर मी तेव्हा उत्तर दिलं नाही. चार ओळींत ते देता येत नाही. आता देते.

आधी माझी पात्रता सांगते. मी गेली काही वर्षं रविवार-रविवार पॉइंट टू टू रायफलने ५० मीटरवर कागदाचे टार्गेट मारते. प्राण्यावर मी कधी गोळी झाडलेली नाही आणि झाडणार नाही. त्यामुळे प्रश्नाचा निम्मा भाग मला येतो, गोळी आणि वारा एवढाच. उरलेला निम्मा भाग त्या मित्राचा आहे. तो त्याने मला फोनवर सांगितला आणि इथे सांगायला परवानगी दिली. नाव घेऊ नको म्हणाला. अर्थात तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहेच.

कायोटी म्हणजे उत्तर अमेरिकेतला, कोल्हा आणि लांडगा यांच्या मधल्या आकाराचा प्राणी. वजन साधारण १० ते १६ किलो, म्हणजे आपल्या गल्लीतल्या मध्यम कुत्र्याएवढं. चारकोपच्या तिवरांतला सोनेरी कोल्हा हा त्याचा जवळचा नातलग, अंगाने जरा लहान. आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंक्तीत बसला आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांसाठी वनखात्याच्या परवानगीची वाट आहे. तेव्हा आपली चारकोपची मैत्रीण निश्चिंत असू दे. नेब्रास्कात मात्र कायोटी वर्षभर मारायला मुभा आहे, आणि आपल्या मित्राकडे शेळ्या आहेत.

नोकरी बँकेच्या संगणकांची, पण शहराबाहेर जमीन घेतली आणि हौसेने शेळ्या पाळल्या. मागच्या हिवाळ्यात कायोटींनी त्याची दोन करडं नेली. शेजाऱ्याने त्याला आपली जुनी रायफल दिली. एका संध्याकाळी कुंपणापलीकडे बऱ्याच लांब कायोटी दिसला, याने नेम धरला, गोळी झाडली. प्राणी कोलमडला, उठला आणि तीन पायांवर पळाला. पुढे दोन दिवस हा गवतात त्याला शोधत फिरला. सापडला नाही. "तो कुठेतरी मरायला किती वेळ लागला असेल, हे डोक्यातून जात नाही. म्हणून चांगलं काडतूस पाहिजे." ग्रुपवरच्या प्रश्नामागे हे होतं.

आता विज्ञानाचा तास. सर समोर बसलेत, त्यामुळे जपून बोलते. आपल्याला मुक्त पतन शिकवताना सरांनी सांगितलं होतं की आडवी सोडलेली गोळी आणि हातातून सोडलेली गोळी एकाच वेळी जमिनीवर पडतात. मागच्या बाकांनी विश्वास ठेवला नव्हता, पण ते खरं आहे. त्या धड्यात प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी एक वाक्य असायचं: हवेचा विरोध दुर्लक्षित करावा. परीक्षेत आपण तो दुर्लक्षित केला आणि मार्क घेतले. काडतूस निवडण्याचा सगळा धंदा त्या दुर्लक्षित केलेल्या एका गोष्टीवर चालतो.

माझ्या ५० मीटरपासून सुरुवात करते. टार्गेटच्या मधल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढा. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर, वजन २.६ ग्रॅम, नळीतून निघताना वेग सेकंदाला सुमारे ३२७ मीटर. म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा थोडा कमी, आणि तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो. हवा नसती तर ही गोळी टार्गेटपर्यंत १५३ मिलिसेकंदांत पोचली असती. हवेमुळे तिला सुमारे १६० लागतात. हवेने तिला सात मिलिसेकंद उशीर केला. आता गंमत अशी की आडवा वारा गोळीला किती ढकलेल, हे पूर्ण प्रवासाच्या वेळेवर ठरत नाही. ते फक्त या उशिरावर ठरतं. वाऱ्याचा वेग गुणिले उशीर, झालं उत्तर. एकोणिसाव्या शतकातल्या दिदियाँ नावाच्या फ्रेंच तोफखाना अधिकाऱ्याच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही काढून पुन्हा मांडून पाहिलं, कारण मनाला पटत नव्हतं.

वारा सेकंदाला एक मीटर, म्हणजे गालाला जेमतेम कळेल एवढा. गोळी सात मिलिमीटर सरकली. ताशी दहा किलोमीटरचा वारा आला तर एकोणीस मिलिमीटर, आणि दहाची गोळी थेट आठात. वरळीच्या रेंजवर दुपारी समुद्राकडून वारा सुरू झाला की आम्ही निशाणापेक्षा वाऱ्याच्या झेंड्यांकडेच जास्त बघत बसतो.

नवीन माणूस साहजिकच म्हणतो, मग जास्त वेगाची गोळी घ्या, लवकर पोचेल. पॉइंट टू टूमध्ये तशी काडतुसं मिळतात, सेकंदाला ३७५ मीटरच्या आसपास. ती लवकर पोचतात हे खरं. पण आवाजाच्या वेगाच्या पुढे गेलं की हवा एकदम जास्त अडवते, उशीर सातावरून साडेनऊ मिलिसेकंदांच्या घरात जातो, आणि वारा त्यांना जास्त सरकवतो. म्हणून जगातले सगळे ५० मीटरचे नेमबाज हळू गोळी वापरतात. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला जागतिक स्पर्धेत प्रोन प्रकारात सुवर्ण मिळवलं, ६०० पैकी ५९७. तोवर नेमबाजीत भारतीय महिलेने जागतिक विजेतेपद मिळवलं नव्हतं. साठ गोळ्यांपैकी गेले फक्त तीन गुण. ते गुण आवाजापेक्षा हळू जाणाऱ्या गोळीने मिळाले आहेत.

हे डोक्यात ठेवून नेब्रास्कात जाऊ. पॉइंट टू टूचं तिथे काम नाही. तिची नळीतून निघतानाची ऊर्जा सुमारे १४० जूल, कायोटीला लांबून मारायला ती फार अपुरी आहे. तिथल्या लोकांची भिस्त सेंटर फायर काडतुसांवर असते. नावं नुसती ऐकून ठेवा. शेजाऱ्याची रायफल .२२-२५० रेमिंग्टनची. साडेतीन ग्रॅमची हलकी गोळी, सेकंदाला ११२० मीटर. म्हणजे आवाजाच्या तिप्पट वेग, फार दणकट प्रकार आहे. दुसरं .२२३ रेमिंग्टन, तीच हलकी गोळी, वेग ९९० च्या आसपास, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं. आणि हल्ली ज्याची चलती आहे ते ६ मिलिमीटर क्रीडमूर: सात ग्रॅमची लांबुडकी, टोकदार गोळी, वेग फक्त ९०० मीटर. जुनं .२४३ विंचेस्टरही याच जातकुळीतलं, १९५५ पासून चालत आलेलं.

दुकानदार वेग विकतो. डब्यावर मोठ्या अक्षरांत वेगच छापलेला असतो. आता आपलं सूत्र लावू. अंतर २७५ मीटर, आडवा वारा ताशी १६ किलोमीटर. त्या पठारावर एवढा वारा म्हणजे शांत दिवस समजतात.

.२२-२५० ची गोळी तिथवर जाताना सुमारे ४२ सेंटिमीटर खाली पडते आणि वाऱ्याने २२ सेंटिमीटर सरकते. ६ मिलिमीटर क्रीडमूरची जास्त वेळ हवेत असते, म्हणून ती ५५ सेंटिमीटर पडते. पण सरकते किती? फक्त १३. सेकंदाला २२० मीटरने हळू असून वारा तिला कमी हलवतो, कारण लांबुडक्या जड गोळीला हवा उशीर कमी करते. आणि .२२३? तिला क्रीडमूरएवढाच वेळ लागतो, सेकंदाचा एक तृतीयांश. ती पडतेही तेवढीच. सरकते मात्र २७ सेंटिमीटर, दुपटीहून जास्त.

आता खाली पडणं हा काही प्रश्न नाही. गुरुत्वाकर्षण रोज सारखंच असतं. अंतर मोजायचं लेझरचं यंत्र मिळतं, मोबाइलवर आकडे घातले की किती वर धरायचं ते येतं. (असली अ‍ॅप आमच्याच जातीचे लोक रात्री जागून लिहितात. अट मोडली, झालं.) पण अ‍ॅपमध्ये वाऱ्याचा रकाना रिकामा असतो. तो आपण भरायचा. आणि तिथे आपण भरतो तो अंदाज. तुमच्या गालाला लागणारा वारा एक, दोनशे मीटरवर गवत हलवणारा दुसरा, मधल्या घळीतला तिसरा. अनुभवी माणूसही ताशी १६ च्या जागी ८ धरू शकतो.

मित्राला मी आता हाच हिशेब करायला लावला. कायोटीच्या छातीत, जिथे गोळी लागली तर तो जागच्या जागी जातो, ती जागा साधारण १० सेंटिमीटर व्यासाची धरतात. बशीएवढी. मध्यावर नेम धरला तर चुकायला चहूबाजूंनी पाचच सेंटिमीटर. वाऱ्याचा अंदाज निम्म्याने चुकला असं समजू. .२२-२५० ने २७५ मीटरवर ११ सेंटिमीटरची चूक झाली, म्हणजे गोळी छातीबाहेर, पायात किंवा पोटात. तिथे त्या संध्याकाळी काय घडलं असेल याचं उत्तर बहुधा मिळतं. तीच रायफल १८० मीटरवर वापरली तर चूक साडेचार सेंटिमीटरची, छातीच्या आत.

आणि नवीन क्रीडमूर घेतली तर? २७५ वर तिचीही चूक साडेसहा सेंटिमीटरची, म्हणजे बाहेरच. तिची हद्द २३० मीटरच्या आसपास संपते.

हा आकडा निघाल्यावर आम्ही दोघेही फोनवर गप्प बसलो. नवी रायफल, नवी दुर्बीण, नवी काडतुसं, एवढा सगळा खर्च करून मिळणार होते पन्नास मीटर. आणि त्याने विचारलेले तीनशे कुठल्याच डब्यात नव्हते. ज्याला वारा वाचता येतो त्याच्यासाठी ते असतीलही. त्याला येत नव्हता, आणि ते त्याने मान्य केलं, हे मला फार आवडलं. 'अ' तुकडीतला मुलगा असं सहज मान्य करत नाही.

तो म्हणाला, "नळी न बदलता तशीच जड गोळी शेजाऱ्याच्या रायफलमध्ये नाही चालणार?" नाही चालणार, आणि हे कारण दुकानात सहसा सांगत नाहीत. नळीच्या आत पीळ असतो, गोळीला भोवऱ्यासारखी फिरवायला. जुन्या .२२-२५० मध्ये हा पीळ संथ असतो, १४ इंचांत एक वेढा. हलक्या, आखूड गोळीला तो पुरतो. लांब गोळी त्या पिळात पुरेशी फिरत नाही, डुगडुगते, कधी टार्गेटवर आडवी आदळते. म्हणजे काडतूस निवडताना निवड आधीच नळीने केलेली असते.

हा नळीचा मुद्दा आमच्या खेळात फार टोकाला जातो, म्हणून दोन मिनिटं तिकडे वळते. ५० मीटरच्या काडतुसांत तीन नावं चालतात: इंग्लंडची एली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस. नवीन पालक विचारतात, "यातलं सगळ्यात चांगलं कुठलं?" याला उत्तर नाही. पॉइंट टू टूची पुंगळी रिम फायर असते, पेटवणारं मिश्रण पुंगळीच्या काठात पसरलेलं असतं, आणि ते कुठे कणभर जास्त तर कुठे कमी पडतं. त्यातून वेगात सेकंदाला सात मीटरचा फरक पडला तरी ५० मीटरवर गोळी पाच मिलिमीटर वर-खाली होते. म्हणून एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या डब्यातही प्रत्येक लॉट वेगळा. माझ्या नळीला जो लॉट मानवतो तो शेजारच्या लेनवरच्या मुलीच्या नळीला मानवेलच असं नाही. परदेशातले खेळाडू आपली रायफल घेऊन थेट कारखान्याच्या टेस्ट रेंजवर जातात, नळी शिकंज्यात घट्ट बसवतात, एकेका लॉटच्या गोळ्या झाडतात आणि जमेल तो लॉट पेटीच्या पेटी उचलून आणतात. आपल्याकडे काडतुसं परदेशातून संघटनेमार्फत येतात, आणि बहुतेकांना जे आलं ते घ्यावं लागतं. राज्य पातळीवरच्या मुलांचे एकदोन गुण अशा लॉटमध्ये जातात आणि घरी त्यांना ऐकावं लागतं की लक्ष नव्हतं. मला याचा राग येतो. पण तो या भाषणाचा विषय नाही.

विषय आहे तपासणी. मित्राने मला एक फोटो पाठवला होता: ९० मीटरवर तीन गोळ्या, तिन्ही एका नाण्याखाली झाकल्या गेलेल्या. "बघ, रायफल अशी मारते." रायफलवाल्यांच्या जगात असे फोटो लहान मुलांच्या वाढदिवसांच्या फोटोंइतके फिरतात. तीन गोळ्यांचा ग्रुप हा त्याच रायफलच्या, त्याच डब्यातल्या दहा गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी एक तृतीयांशाहून जास्त लहान येतो. रायफल तीच असते. गोळ्या कमी झाडल्या की लांब भरकटणारी गोळी यायला संधीच मिळत नाही, एवढंच. मी संगणकावर एक छोटा प्रोग्राम लिहिला. एकच काल्पनिक रायफल, एकच काल्पनिक डबा, पाच-पाच गोळ्यांचे वीस ग्रुप. सगळ्यांत लहान ग्रुप सगळ्यांत मोठ्याच्या निम्म्यापेक्षाही लहान आला. म्हणजे कसलाही फरक नसताना, नुसत्या योगायोगाने. आता कल्पना करा, त्यातला लहान ग्रुप एका कंपनीच्या काडतुसाला आला आणि मोठा दुसरीच्या. लोक जन्मभर एका कंपनीचे भक्त होऊन बसतात. बँकेत सिस्टिम तपासताना हा मनुष्य तीन व्यवहार चालले म्हणून सही करत नाही, हे मी त्याला ऐकवलं. त्यावर तो थोडा रागावला.

पुढच्या महिन्यात त्याने दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप झाडले. थंडी, वारा, हात आखडलेले, तशाच हवेत, कारण कायोटी उन्हात खुर्ची टाकून बसलेला असताना येत नाही. नाण्याखाली काही मावलं नाही. चहाच्या कपाचं तोंड जेवढं असतं तेवढा ग्रुप, तोही ९० मीटरवर. १८० मीटरवर हाच पसारा साधारण दुप्पट होतो, म्हणजे वाऱ्याची चूक धरायच्या आधीच बशी भरली. मग १८० चा आकडाही त्याला स्वतःलाच कमी करावा लागला. त्याने तो १२० वर आणला. मी सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्याने विचारली नव्हती, मी सांगितली: गोळी प्राण्याला लागली नाही तर कुठे जाते? साध्या पॉइंट टू टूची गोळीसुद्धा दीड किलोमीटरहून लांब जाऊ शकते. कांदिवली स्टेशनच्या पुलावरून झाडली तर बोरिवलीच्या दिशेने ती कुठवर जाईल याचा विचार करा. नेब्रास्का सपाट आहे आणि शेजाऱ्यांची घरं विरळ असली तरी आहेत. इथे हलक्या, पातळ कवचाच्या गोळीचा एक फायदा आहे. ती मातीला लागताच फुटून तुकडे होण्याची शक्यता जास्त. जड गोळी गोठलेल्या जमिनीवरून उसळून पुढे जाऊ शकते. तेव्हा वाऱ्यात जी गोळी नापास झाली तिला इथे चांगले मार्क आहेत. तरीही मागे मातीचा चढ नसेल तर कुठलीच गोळी झाडायची नाही. आमच्या रेंजवर हा नियम पहिल्या दिवशी शिकवतात, रायफल हातात देण्याच्या आधी.

मग शेवटी काय ठरलं? शेजाऱ्याची रायफल त्याने ठेवली आहे. गोठ्यापासून १२० मीटरवर चारी बाजूंना लाल रंगाच्या खुंट्या ठोकल्या. खुंटीपलीकडचा कायोटी तो दुर्बिणीतून नुसता बघतो. शिवाय ग्रेट पिरेनीज जातीची दोन पिल्लं आणली, पांढरी, अस्वलासारखी, कळपाची राखण करणारी. आणि रात्री शेळ्या आत. हा सल्ला माझा नाही, त्याच्या बायकोचा. ती सांगलीकडची, धनगरांचे कळप आणि त्यांची कुत्री बघत वाढलेली. ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. अमेरिकेत शंभर वर्षांहून जास्त काळ कायोटी मारले जात आहेत, सापळे, विष, बंदुका सगळं झालं, आणि या काळात कायोटी पश्चिमेतल्या पठारांवरून पार पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरला. शिकागोसारख्या शहरातही तो राहतो. आपल्या चारकोपच्या कोल्ह्यासारखा, इमारतींच्या मागे, कुणाच्या अध्यात-मध्यात न येता.

पिल्लं आल्यापासून करडू गेलेलं नाही. त्याने गोळी झाडलेली नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत झाडणारच नाही असं मात्र तो म्हणत नाही, आणि मीही त्याला तसं वचन मागितलेलं नाही. शेळ्या त्याच्या आहेत.

आयोजक घड्याळ दाखवतायत. सकाळपासून चौघांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, त्याचं उत्तर देते आणि बसते. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, ४५१.४ गुण. तो तेव्हा रेल्वेत टीसी होता, आणि त्याला शिकवणाऱ्या दीपाली देशपांडे स्वतः अथेन्स ऑलिम्पिक खेळलेल्या. तेव्हापासून ज्यांच्या घरी बारा-चौदा वर्षांचं मूल आहे ते विचारतात, रायफल कुठली घ्यायची. पॉइंट टू टू घेऊ नका. तिला परवाना लागतो, आणि काडतुसांचा खर्च झेपणार नाही. १० मीटरच्या एअर रायफलपासून सुरुवात करा, तीही सुरुवातीला क्लबची वापरा. तिच्या छर्ऱ्यांचे डबे मिळतात, त्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात. हा छर्ऱ्याचा व्यास. मूल महिन्याभरात घरी येऊन सांगेल की अमक्या चॅम्पियनचा ४.५० आहे, मलाही तोच पाहिजे. तेव्हा तीन वेगवेगळे डबे घेऊन द्या, आकड्यांवर कागद चिकटवा, आणि प्रत्येकातून दहा-दहाचे पाच ग्रुप झाडायला सांगा. मग मोजपट्टी घेऊन त्याच्या शेजारी बसा.